धडक का झाली आणि माणसं का बुडाली

ताई,

माझं माहेर आणि सासर दोन्ही उरण तालुक्यातलं. भाऊ गेटवे–घारापुरीच्या लाँचवर खलाशी आहे. धाकटे दीर नेव्हीच्या डॉकयार्डात कामाला आहेत. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी लाँच नीलकमल नेव्हीच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली तेव्हा भाऊ दुसऱ्या एका लाँचवर होता. त्यांनी लाँच वळवली आणि पाण्यातली माणसं वर ओढली. किती, ते तो सांगत नाही. ज्यांना वर घेतलं त्यातलं कोण जगलं, हेही त्याला धड माहीत नाही. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला उठून ओटीवर बसून राहतो, असं वहिनी सांगते. कामावर मात्र रोज जातो.

भाऊबीजेला आमच्याकडे जेवायला आला होता. विषय निघायला नको होता, तो निघाला. दीर म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या लाँचवाल्यांनी माणसं कोंबली नसती, जॅकेटं दिली असती, तर एवढी मेली नसती.’ भाऊ म्हणाला, ‘आमची लाँच सरळ चालली होती. तुमची स्पीडबोट येऊन आदळली.’ शब्दाने शब्द वाढला आणि भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर आलेला नाही. माझ्या नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. सासूबाई म्हणतात, दर्याने ज्यांना न्यायचं त्यांना नेलं, त्यात चूक कसली काढायची. आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर तो धडकेचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतो. मामाला फोन करून विचारतो, तुमच्या बोटीत जॅकेटं आहेत का?

वर्ष झालं त्या दिवशी भावाला लाँचवरून त्या जागी फुलं सोडायची होती. गावातली माणसं हसली. ‘तुझं कोण गेलं होतं त्यात?’ एक जण म्हणाला, ‘ज्यांचे गेले त्यांना पैसे मिळाले, ते गप्प बसले, तू कशाला?’ त्याने फुलं सोडली नाहीत.

खरी चूक कोणाची ते तुम्हीच लिहा. मी दोघांना समोर बसवून वाचून दाखवीन.

– उरणची एक बहीण

*

प्रिय ताई,

आधी एक विनंती. हे उत्तर दोघांना समोरासमोर बसवून वाचू नका. असं वाचन चालू झालं की ऐकणारा ऐकत नाही, आपल्या बाजूचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत बसतो. भावाला त्याच्या घरी नेऊन द्या, दिरांना तुमच्या घरी. वाचावंसं वाटलं तर वाचतील.

तुम्ही निकाल मागितला आहे. मी न्यायाधीश नाही, पण ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ म्हणून अंगही काढून घेणार नाही. तुमचे भाऊ आणि दीर एकाच प्रश्नावरून भांडले असं तुम्हाला वाटतं, आणि त्यांनाही तसंच वाटत असणार. पत्र दोनदा वाचल्यावर मला दिसलं ते असं, की दोघं दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. भाऊ सांगत होता, धडक का झाली. दीर सांगत होते, धडक झाल्यावर इतकी माणसं का बुडाली. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असायला काहीच हरकत नाही. एकाचं खरं ठरलं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.

धडकेचं म्हणाल तर त्यात फारसं गूढ नाही. इंजिनाची चाचणी चालू असताना बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटला, हे नौदलाने त्याच संध्याकाळी स्वतःहून सांगितलं. नीलकमल आपल्या वाटेने घारापुरीकडे चालली होती. इथे तुमच्या भावाचं म्हणणं खरं आहे आणि दिरांनी ते मान्य करावं. त्यात त्यांचं किंवा त्यांच्या नोकरीचं काही कमी होत नाही. त्या प्रश्नाच्या पोटातही आणखी एक प्रश्न आहे: जिथे दिवसभर प्रवासी लाँचांची ये-जा चालते, त्या पाण्यात वेगाच्या चाचण्या कोणत्या वेळी, कोणत्या बाजूला आणि कोणाच्या परवानगीने घ्यायच्या? हा प्रश्न सुकाणूवरच्या माणसाला विचारून उपयोग नाही. त्याला त्या दिवशी कोणीतरी तिथे पाठवलं होतं.

आता दुसरा. नीलकमलचा परवाना ८४ प्रवाशांचा होता आणि बोटीत शंभरावर माणसं होती. धडक त्यामुळे झाली नाही. बोटीत दहाच जण असते तरी ती स्पीडबोट येऊन आदळलीच असती. पण बोट पाणी घ्यायला लागल्यावर किती जण आहेत, किती जणांच्या अंगात जॅकेट आहे, पोरं कोणाच्या हातात आहेत, याला मोल येतं. आईबाप पोरांना पाण्यात टाकायला निघाले होते आणि मदतीला आलेल्या जवानांनी त्यांना थांबवलं, हे आपण सगळ्यांनीच वाचलं. पंधरा माणसं गेली. दुर्घटनेनंतर प्रवाशांना जॅकेट घालणं सक्तीचं झालं. सक्ती नंतर करता आली म्हणजे आधीही करता आली असती, एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. म्हणून दिरांचाही प्रश्न रास्त आहे. फक्त तो त्यांनी चुकीच्या माणसाला विचारला. किती तिकिटं फाडायची हे खलाशी ठरवत नाही. ‘शेठ, आता बस, आणखी माणसं नकोत’ असं म्हणणाऱ्या खलाशाची दुसऱ्या दिवशीची हजेरी कोण लावणार? आणि जॅकेट पुढे केलं की नाक मुरडणारे, ‘फोटो खराब होतो’ म्हणणारे प्रवासी कोण होते? तुम्ही-आम्हीच. (मी स्वतः पाहिलेत. घामाचा वास येतो म्हणून जॅकेटवर बसून जाणारे लोक.)

माणसं का बुडाली हा प्रश्न धडकेच्या प्रश्नाखाली कसा दडपला जातो, हे पाहायचं असेल तर दक्षिण कोरियाच्या सेवोल बोटीची हकीकत घरात सगळ्यांना सांगा. मुलालाही सांगा, तेरा वर्षांच्या पोराला ती समजेल.

१६ एप्रिल २०१४. इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेल्या त्या फेरीत ४७६ माणसं होती. त्यातली सवातीनशेच्या आसपास मुलं आन्सान शहरातल्या एकाच शाळेची, दानवोन हायस्कूलची, सहलीला निघालेली. सकाळी पावणेनऊच्या सुमारास वळण घेताना बोट कलंडली. कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा सूचना झाली, आहात तिथेच थांबा. मुलं थांबली. कप्तान आणि त्याचे बरेच सहकारी मात्र तटरक्षकांच्या पहिल्या होडीतून बाहेर पडले. त्या दिवशी आधी बातमी आली की सगळी मुलं वाचली. मग ती खोटी ठरली. ३०४ जण गेले, त्यात त्या एका शाळेची २५० मुलं.

पहिला राग कोणावर निघाला असेल? वळण घेतलं तेव्हा ड्यूटीवर असलेल्या पंचविशीतल्या एका मुलीवर आणि सुकाणू धरणाऱ्यावर. त्यांनीच वळण जोरात घेतलं, त्यांनीच मारलं. दीड वर्षाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा वळणाच्या चुकीबद्दल त्या दोघांना दोषी धरता आलं नाही, कारण यंत्रातच बिघाड असण्याची शक्यता खोडून काढता येत नव्हती. प्रवाशांना टाकून पळाल्याबद्दल शिक्षा झाली, ती वेगळी. कप्तानाला तर खुनाबद्दल जन्मठेप झाली. मला ती योग्य वाटते. ‘बाहेर पडा’ एवढे दोन शब्द बोलायला त्याला वेळ होता.

पण ती बोट एवढ्याशा वळणाला आडवी का झाली? जपानमध्ये अठरा वर्षं चालवलेली जुनी बोट कंपनीने विकत घेतली होती. जास्त प्रवासी बसावेत म्हणून वर खोल्या वाढवल्या. त्याने ती डोईजड झाली. मंजूर मालाच्या दुपटीहून जास्त माल भरला आणि तो नीट बांधलाही नाही. जास्त माल दिसू नये म्हणून तळातलं तोल सांभाळणारं पाणी कमी केलं. निघण्यापूर्वी तपासणी करायचं काम ज्या संघटनेकडे होतं ती जहाज कंपन्यांचीच संघटना होती. आणि इतक्या जुन्या बोटी चालवायला सरकारने २००९ मध्ये नियम सैल करून मोकळीक दिली होती. सुकाणूवरच्या माणसाच्या हातात यातलं काय होतं?

वाचवायला गेलेल्यांचं पुढे काय झालं ते तर तुमच्या भावाने जरूर वाचावं. सगळ्यांत आधी पोचलेल्या तटरक्षकांच्या लहान होडीचा प्रमुख तुरुंगात गेला. त्याने आत शिरून माणसांना बाहेर काढायला हवं होतं, हे खरंच. पण तटरक्षक दलाचे सर्वांत वरचे अधिकारी खटल्यातून निर्दोष सुटले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मृतदेह काढायला स्वखुशीने उतरलेले पाणबुडे होते. त्यांच्यातला एक जण कामात मेला तेव्हा त्याच्या मृत्यूचा खटला सरकारने त्याच्याच एका ज्येष्ठ सोबत्यावर भरला. तो सुटला, पण त्याआधी काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला. ठपका पाण्यासारखा असतो, उताराकडे धावतो आणि सगळ्यांत खाली उभ्या असलेल्याच्या पायाशी साचतो. तुमच्या घरात तो भावाच्या ताटापर्यंत आला.

आता सासूबाईंचं. त्यांना उलटून बोलू नका. त्यांच्या पिढीने रामदास बोटीच्या गोष्टी ऐकलेल्या असणार. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. गटारीला घरी निघालेली माणसं होती ती. सहाशेहून जास्त गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, म्हणून मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नव्हता. मासे विकायला मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी भरल्या होडीतले मासे दर्यात ओतून टाकले आणि माणसं वर घेतली. ज्या गावांतले इतके पुरुष एका दिवसात गेले, तिथे ‘दर्याने नेलं’ म्हणण्यावाचून बायकांना दुसरा कोणता आधार होता? त्या वाक्याने त्या जगल्या आहेत. पण जाता जाता सासूबाईंना एवढं जरूर विचारा, पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद का ठेवतात? दैव तर बारा महिने तेच असतं.

आणि दिरांबद्दल मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तुम्ही पत्रात भावाचं रात्रीचं उठणं लिहिलंत, दिरांचं काहीच लिहिलं नाहीत. त्या स्पीडबोटीवरची माणसंही मेली, ताई. नौदलाचा एक जवान आणि इंजिन पुरवणाऱ्यांची माणसं. दीर डॉकयार्डात आहेत. त्यांची ओळख असेल नसेल, पण त्या आठवड्यात तिथे जेवणाच्या सुट्टीत काय बोलणं झालं असेल याचा विचार करा. बाहेर सगळा देश ‘नेव्हीने मारलं’ म्हणत होता आणि त्यांना गावात फिरायचं होतं. त्यांना कोणी विचारलं का, तुम्ही बरे आहात ना? मला वाटतं, ‘तुमच्या लाँचवाल्यांनी’ हे वाक्य तिथून आलं. स्वतःवर येणारा घाव दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याची ती धडपड होती. त्याने ते वाक्य बरोबर ठरत नाही. पण ते बोलणारा माणूसही त्याच दुर्घटनेत पोळलेला आहे, हे तुमच्या नवऱ्याने त्याच्या भावाला ओळखून दाखवायला हवं. मिठाची गुळणी आता टाका म्हणावं.

फुलांचं. ‘तुझं कोण गेलं होतं?’ हा प्रश्न फार क्रूर आहे, आणि विचारणाऱ्याला ते कळतही नाही. ज्याने पाण्यातून माणूस ओढला, त्याचं त्या माणसाशी कोणतं नातं लागतं? शब्द नसेल त्याला, पण नातं आहे. भावाला सांगा, पुढच्या १८ डिसेंबरची वाट बघायची काही गरज नाही. फुलं कोणत्याही दिवशी सोडता येतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ देताना तुम्ही कोणाला विचारून देता? लाँचवरच्या सोबत्यांना घेऊन जावं. दिरांना बोलवावं असं मी म्हणणार नाही, ते आपण होऊन आले तर जागा द्यावी.

पैसे मिळाले म्हणून गप्प बसले, असं जो कोणी म्हणाला त्याला कोरियातल्या आईबापांचं सांगा. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने भरपाईचे आकडे जाहीर केले. मुलं गेलेल्या आईबापांनी भर चौकात आपली डोकी भादरून घेतली आणि म्हणाले, आधी बोट वर काढा, काय घडलं ते सांगा, पैशाचं नंतर. त्यांनाही ‘आता पुरे’, ‘पैशासाठी नाटकं’ असं ऐकवलं गेलं. त्यांच्यातला एक बाप सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात जवळजवळ दीड महिना उपाशी बसला. पुढे काही दिवसांनी त्याच चौकात येऊन मुद्दाम पिझ्झे आणि तळलेली कोंबडी खाणारे लोकही निघाले. हो, असेही असतात. बोट अखेर २०१७ च्या मार्चमध्ये वर आली, तीन वर्षांनी, आणि ती त्यांनी आवाज सोडला नाही म्हणून आली. तेव्हा भरपाई म्हणजे तोंडावरची पट्टी असं कोणी समजू नये. कमावता गेलेल्या घरातला किराणा त्यातून येतो. प्रश्नाचं उत्तर त्यातून येत नाही.

शोकाने दुसऱ्याची अडचण होते, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. दानवोन शाळेत, बुडालेल्या मुलांचे वर्ग बाकांवर फुलं ठेवून जसेच्या तसे ठेवले होते. दोन वर्षांनी नवीन मुलांच्या पालकांनी म्हटलं, आमच्या पोरांना वर्ग हवेत, आणि रोज त्या बाकांसमोरून जाणं त्यांना झेपत नाही. दोन्ही बाजूंना आईबापच होते. मला दोघांचंही पटतं. शेवटी २०१६ मध्ये बाकं, लिहायचे फळे, भिंतीवरच्या चिठ्ठ्या सगळं उचलून दुसऱ्या जागी नेलं आणि पुढे तिथे नीट जतन केलं. मनासारखं कोणाचंच झालं नाही. तुमच्या घरातही तसंच होणार आहे. भावाला पूर्ण न्याय मिळाल्यासारखं वाटणार नाही आणि दिरांनाही नाही. तरी एका ताटाला बसता येईल.

आता कामाचं. भावाच्या डोक्यात जी माहिती आहे ती रात्री त्याच्या छातीवर बसण्यापेक्षा कागदावर बसू द्या. बेल्जियममधल्या झेब्रुगा बंदराबाहेर ६ मार्च १९८७ ला एक इंग्लिश फेरी उलटली, १९३ माणसं गेली. गाड्या चढवायचा पुढचा दरवाजा उघडाच राहिला होता. तो बंद करायचं काम ज्याच्याकडे होतं तो खोलीत झोपला होता. वर्तमानपत्रांना झोपलेला माणूस मिळाला, झालं. चौकशीत निघालं ते असं, की दरवाजा बंद आहे की नाही हे वर कळावं म्हणून एक दिवा बसवा, असं कंपनीच्या कप्तानांनी आधीच लिहून मागितलं होतं आणि साहेबांनी त्याची टिंगल केली होती. चौकशीने दोष वरपासून खालपर्यंत साऱ्या कंपनीचा म्हटला. हे म्हणता आलं कशामुळे? ते कागद होते म्हणून. भावाने आणि सोबत्यांनी मिळून लिहावं: जॅकेटं कुठे ठेवतात, कुलुपात असतात का, लहान मुलांच्या मापाची किती आहेत, चढताना माणसं कोण मोजतं, जेट्टीवर शेवटची तपासणी कधी झाली, चाचण्या करणाऱ्या बोटींची आगाऊ खबर लाँचवाल्यांना मिळते का. एकट्याच्या सहीने मुळीच देऊ नये, नोकरी त्याचीच जाईल. दहा-पंधरा जणांच्या सह्या घेऊन, मच्छीमार सोसायटी किंवा लाँच मालकांच्या संघटनेतला कोणी भला माणूस मिळाला तर त्याला पुढे करून, मेरीटाइम बोर्डाच्या बंदर अधिकाऱ्याकडे द्यावं आणि पोच घ्यावी. आणि हे लिहिताना दिरांची मदत मागा. खरंच मागा. चाचण्यांचं वेळापत्रक कसं ठरतं, कोणाला कळवायला हवं, हे डॉकयार्डातल्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना नोकरीमुळे सही करता येणार नाही, तो आग्रह धरू नका.

भावाच्या झोपेचं मात्र पुढे ढकलू नका. वर्षाहून जास्त काळ माणूस रात्री दचकून उठतो, चिडचिडतो, त्या दिवसाचं बोलत नाही आणि कामाला मात्र न चुकता जातो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘बरा आहे, कामावर जातो ना.’ हा बरेपणा नाही. सेवोलमधून जिवंत निघालेल्या उपमुख्याध्यापकांनी दोनच दिवसांत जीव दिला. सहल आपण नेली, जबाबदारी आपली, असं लिहून ठेवून गेले. मी तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. वाचलेल्याच्या आणि वाचवणाऱ्याच्या मनात असा हिशेब चालू असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून सांगते. त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. ‘वेड लागलंय का मला’ म्हणेल. म्हणू द्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, रात्रीसुद्धा, मराठीत आणि फुकट. वहिनीला सांगा, ओटीवर बसलेला दिसला की ‘चला आत’ म्हणण्याऐवजी जाऊन शेजारी बसावं. आणि मरतो, जीव देतो अशी भाषा कधी निघाली, तर रागाने बोलला म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

ज्यांना त्याने वर घेतलं त्यातलं कोण जगलं हे त्याला कळायला हवं का, हे मी ठरवू शकत नाही. त्यालाच विचारा. हवं असेल तर पोलीस ठाण्यात साक्ष-जबाबाच्या निमित्ताने चौकशी करता येईल. पण कोणाच्या घरी आपणहून फोन करायला जाऊ नये. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यावर ‘मी वाचवायला होतो’ हे ओझं टाकणं बरं नाही.

राहिला मुलगा. तो व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाका आणि का काढला ते त्याला सांगा. त्यात माणसं मरताहेत, ती कोणाची तरी आई आहे, मुलगा आहे. पण मामाला विचारलेल्या प्रश्नाबद्दल त्याला रागावू नका. या सगळ्या प्रकरणात सरळ प्रश्न सरळ विचारणारा तोच एक दिसतो. फक्त फोनवरून नको. येत्या रविवारी त्याला घेऊन तुम्हीच माहेरी जा, भाऊबीजेची वाट बघू नका. मामाने त्याला लाँचवर न्यावं, जॅकेटचे बंद कसे आवळायचे, शिट्टी कुठे असते, ते दाखवावं. आणि एवढा दर्याच्या काठचा पोर, त्याला पोहता येतं का? तुम्ही लिहिलं नाहीत. येत नसेल तर मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबू नका.